झोळी, पाळणा आणि तपासनीस

न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून वसंतातल्या संध्याकाळी गावाने एकत्र जमावे आणि एखादा विषय नीट ऐकून घ्यावा, ही चाल महाराष्ट्रभर रुजली. या व्यासपीठांवरून राजांचा, संतांचा, राज्यांच्या उदयास्तांचा इतिहास आपण पुष्कळ ऐकला आहे. आमचा विषय त्या मानाने फार लहान आहे. तो झोळीत मावण्याएवढा आहे. आई कामावर गेली म्हणजे तान्हे मूल कोठे राहत असे, त्याच्याकडे कोण पाहत असे, आणि जो पाहत असे त्याच्याकडे कोण पाहत असे, या तीन प्रश्नांचा हा इतिहास आहे.

विषय निवडण्याला निमित्तही झाले. आमच्या युनियनच्या कचेरीत पूर्वी जिनातल्या व तेलगिरणीतल्या बाया येत. अलीकडे दुसऱ्याही काही बाया येऊ लागल्या आहेत. त्या स्वतःच्या दोन खोल्यांच्या घरात शेजारपाजारची पाच-सात मुले दिवसभर सांभाळतात. कोणाला सरकारी योजनेशी जोडून घ्यावयाचे असते, कोणाला एखाद्या कारखान्याशी करार करावयाचा असतो. मग घर पाहायला कोणीतरी येणार असे कळते, आणि बाई घाबरून विचारते, “भाऊ, सायेब येनार हाये म्हन्ते. मी काय काय करून ठिऊ?” प्रश्न साधा वाटतो. त्याचे उत्तर मात्र दीडशे वर्षांच्या इतिहासात दडलेले आहे, आणि त्या इतिहासाचा मोठा भाग आपल्याच वऱ्हाडात घडलेला आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्या काळ्या जमिनीतल्या पांढऱ्या बोंडाला सोन्याचा भाव आला. बुलढाणा जिल्ह्याची घडण १८६७ ची. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे मलकापूर, नांदुरा, शेगाव या गावांवरून गेली. खामगावची बाजारपेठ त्या रस्त्यापासून थोडी बाजूला पडत होती, म्हणून जलंबहून तेथपर्यंत सुमारे आठ मैलांचा फाटा टाकण्यात आला. १८७० मध्ये त्याचे उद्घाटन करण्यास खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले होते. एवढ्या मोठ्या माणसाने एवढ्या लहान फाट्यासाठी यावे, यावरून त्या कापसाची किंमत ध्यानात यावी.

रेल्वेपाठोपाठ वाफेवर चालणारे जिन आणि गाठी बांधणारे प्रेस आले. घरोघरचा हातरेचा मागे पडला. सरकी आणि रुई वेगळी करण्याचे काम पूर्वी बाई आपल्या ओसरीवर, मूल मांडीवर घेऊन करी. तेच काम आता यंत्रापुढे उभे राहून, मुकादमाच्या नजरेखाली करावे लागले. यंत्रात कापूस घालण्याचे काम मुख्यतः बायांकडेच राहिले. येथेच आमच्या पहिल्या प्रश्नाचा जन्म झाला. काम घरातून कारखान्यात गेले. मूल कोठे जावे, हे कोणी ठरवले नाही.

मग बायांनी आपल्या परीने तो प्रश्न सोडवला. जुन्या लुगड्याची झोळी करून ती आवारातल्या लिंबाला किंवा शेडच्या खांबाला बांधली. मोठी सहा-सात वर्षांची मुलगी झोका द्यायला बसवली. तिची शाळा तेथेच संपली. मोठी मुलगी नसेल तर मूल रुईच्या ढिगाजवळ निजवले, आणि श्वासाबरोबर कापसाची धूळ त्याच्या छातीत गेली. ते रडून कामात व्यत्यय आणू नये म्हणून त्याला अफूची बारीक गोळी चाटवली. मुंबईच्या गिरणगावात ही चाल किती पसरलेली होती, हे १९२० नंतर झालेल्या सरकारी वैद्यकीय पाहणीत बाहेर आले. गिरणीत जाणाऱ्या आयांची बहुसंख्य मुले अफूवर निजत होती. त्या आयांना निर्दय म्हणणाऱ्यांनी एवढेच पाहावे, की अफूखेरीज त्यांच्यापुढे दुसरी कोणती वाट ठेवलेली होती?

आता कायद्याकडे वळू. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या कारखान्यांना लागू होता, आणि वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्यातून वगळलेले होते. जिनाचा धंदा हंगामी! म्हणजे जेथे हंगामात कामाचा कहर होई, तेथेच कायद्याला दाराबाहेर उभे राहण्याची मोकळीक मिळाली. १८८४ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या कमिशनपुढे शेजारच्या खानदेशातल्या जिनांची हकिगत आली. हंगामात तेथे पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत तीच माणसे, तेच स्त्रीपुरुष राबत असत. १८९१ मध्ये कायद्याची मर्यादा पन्नास माणसांवर आली, बायांच्या कामाला अकरा तासांची सीमा पडली. पण चार महिन्यांची पळवाट १९११ च्या कायद्याने बुजेपर्यंत कायम राहिली. तीस वर्षे! तेवढ्या काळात झोळीतले मूल स्वतः जिनावर उभे राहण्याइतके मोठे होऊन त्याचे मूलही झोळीत आले असेल.

आमच्या चळवळीचा इतिहासही येथे प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या मांडल्या. रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाच्या वेळेला बंधन, वेळेवर पगार, अपघातात भरपाई, अशा त्या मागण्या होत्या. लोखंड्यांचे ऋण आम्ही शिरोधार्य मानतो. तथापि त्या यादीत पाळणा नाही. सभेत बोलणारे पुरुष होते. ज्यांना पाळणा हवा होता त्या घरी भाकरी थापत होत्या. कामगार चळवळीच्या लक्षात मूल यायला आणखी चाळीस वर्षे लागली.

ते लक्षात आले ते प्रसूतीच्या प्रश्नावरून. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याचे बिल आणले, ते पडले. १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात तशाच बिलाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, आणि १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात कायदा झाला. पुढल्याच वर्षी मध्यप्रांतातही तसा कायदा आला. १९२९ मध्ये नेमलेल्या शाही मजूर कमिशनवर स्वतः जोशी सभासद होते. त्या कमिशनने १९३१ च्या अहवालात, पुष्कळ बाया असलेल्या कारखान्यांत पाळणाघरे असावीत, अशी शिफारस केली. त्यातून १९३४ च्या कायद्यात एक कलम आले: पन्नासांहून अधिक बाया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालील मुलांसाठी योग्य खोली राखून ठेवावी, असा नियम प्रांतिक सरकारला करता येईल. “करता येईल” हे शब्द लक्षात घ्यावेत. कायद्यातल्या “करता येईल”चा अर्थ बहुधा “केले नाही तरी चालेल” असा होतो, हे आम्ही कलमे वाचायला शिकल्यावर पहिल्या वर्षातच शिकलो.

खरे बंधन आले ते स्वातंत्र्यानंतर. १९४८ चा फॅक्टरी कायदा १ एप्रिल १९४९ पासून अमलात आला. त्याच्या ४८ व्या कलमाने पन्नासांहून अधिक बाया असलेल्या प्रत्येक कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. खोली पुरेशी मोठी, उजेडाची, वाऱ्याची आणि स्वच्छ असावी. तान्ह्यांची देखभाल शिकलेली बाई तेथे असावी. मुलांना दूध मिळावे. आयांना मधूनमधून पाजायला जाता यावे. कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस फोडण्याचे यंत्र ज्या भागात चालते, तेथे बायांना व मुलांना कामाला लावू नये, असे २७ वे कलम म्हणत होते. त्या धुळीची दखल कायद्याने अखेर घेतली. कागदावर पाहता झोळीला पाळणा मिळाला.

प्रत्यक्षात काय झाले, ते आमच्यासारख्या जिनांतून फिरणाऱ्या माणसांनी डोळ्यांनी पाहिले आहे. कायद्याने पन्नासाची रेघ मारली होती. हजेरीपटावर एक्कावन्नावी बाई चढेनाच. ती कामावर असे, तिचे नाव ठेकेदाराच्या वहीत असे. १९७६ च्या दुरुस्तीने रेघ तिसावर आणली आणि ठेकेदारामार्फत आलेला माणूसही कामगारच, हे व्याख्येत स्पष्ट केले. मग एकतिसावी बाई दिसेनाशी झाली.

जेथे पाळणाघर होते, तेथेही तपासणीची एक वेगळीच विद्या तयार झाली होती. साहेब येणार ही बातमी साहेबांच्या आधी येई. एरवी बारदान आणि तेलाचे डबे ठेवलेली खोली रिकामी होई. भिंतींना चुना लागे, आणि तो इतका ताजा असे की साहेबांच्या कोटाला लागे. पाळण्यांवरची धूळ झटकली जाई, सुताने बांधलेले नवे खुळखुळे टांगले जात, दूध येई. पाळणाघराची बाई म्हणून झाडूवालीलाच पांढरे पातळ नेसवून बसवीत. साहेब पाहत, सही करीत, चहा घेत आणि जात. दुसऱ्या दिवशी बारदान परत आपल्या जागी. एका जिनात आम्ही बायांना विचारले की पाळण्यात मूल का ठेवत नाही? उत्तर मिळाले, “थो पायना सायबाचा हाये, लेकराचा नायी.” आमच्या ऐकण्यात कायद्यावरचे इतके नेमके भाष्य दुसरे आलेले नाही.

आता थोडे दूर, इंग्लंडात जाऊ. ज्या १८७० साली खामगावला आगगाडीचा फाटा आला, त्याच साली लंडनमध्ये मार्गारेट वॉटर्स नावाच्या बाईला फाशी झाली. पैसे घेऊन लोकांची तान्ही मुले सांभाळायला घ्यायची आणि त्यांना अफूचे औषध व उपासमार यांच्या स्वाधीन करायचे, हा धंदा त्या काळी तेथील शहरांत चालत होता; तिच्या घरात मुले मेली होती. त्या खटल्याने देश हादरला आणि १८७२ मध्ये, मोबदला घेऊन तान्ही मुले सांभाळणाऱ्या घरांची नोंदणी करणारा पहिला कायदा तेथे झाला. पुढे महायुद्धाच्या काळात आया मोठ्या संख्येने कारखान्यांत गेल्या, शेजारणीकडे मुले ठेवण्याची चाल वाढली, आणि १९४८ मध्ये तेथे दुसरा कायदा आला. दिवसापुरती मुले घरी सांभाळणाऱ्या बाईने स्थानिक संस्थेकडे नोंद करावी व तिचे घर पाहिले जावे, असे त्याने ठरवले. आज इंग्लंडात घरी मुले सांभाळणाऱ्या बाईची पहिली तपासणी ही ठरलेलीच गोष्ट आहे. एकट्या बाईने साधारणपणे आठ वर्षांखालील सहाच मुले घ्यावीत, त्यांत पाच वर्षांखालील तीन व वर्षाच्या आतले एक, एवढी बारीक मोजणी तेथे आहे.

१९४८ हे साल दोन्हीकडे एकच आहे, आणि आमच्या सांगण्याचा गाभा येथे आहे. त्या एकाच वर्षी इंग्लंडच्या कायद्याची नजर घराकडे गेली आणि आपल्या कायद्याची नजर कारखान्याकडे गेली. आपल्याकडे मुलाची जबाबदारी मालकावर टाकली, हे योग्यच झाले. परंतु मालकाच्या हजेरीपटावर जी आई नव्हती, तिचे मूल कायद्याला दिसलेच नाही. शेतमजूर, मोलकरीण, वीटभट्टीवरची बाई आणि ती एक्कावन्नावी बाई, या सर्वांची मुले शेवटी शेजारणीच्या घरात गेली. त्या घराकडे आपल्या कायद्याने कधी वळून पाहिले नाही.

प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले, पुढे ते कोसबाडला नेले, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी असे ठरवले. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या कामातून आला. १९६९ मध्ये दिल्लीत गांधीजन्मशताब्दीच्या बांधकामावर राबणाऱ्या बायांची मुले धुळीत पडलेली पाहून मीरा महादेवन यांनी फिरती पाळणाघरे काढली. ती पुढे मुंबईतही आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी गावोगाव पोचली. पण अंगणवाडी काही तासांची. निंदणीला किंवा वेचणीला गेलेली बाई दिवस मावळता परतते. मधल्या वेळेचे काय?

मधल्या वेळी शेजारीण असते. शहरांत नोकरदार बायांची संख्या वाढली तशी या शेजारणीच्या घरावर ‘पाळणाघर’ अशी पाटी आली. त्यांतल्या हजारो घरांत मुलांना आजीची माया मिळाली, हे आम्ही निःसंकोच सांगतो. पण पाटी लावायला कोणाची परवानगी लागत नव्हती, आणि आत काय चालते हे पाहण्याचा अधिकार कोणाला नव्हता. २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघर येथे एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राने विचारले, यांच्यावर देखरेख कोणाची? १८७२ मध्ये इंग्लंडने विचारलेला प्रश्न आपण तेव्हा विचारला.

त्यानंतर पावले भराभर पडली. २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती होऊन रजा सव्वीस आठवड्यांची झाली, आणि पन्नास किंवा अधिक नोकर असलेल्या आस्थापनेत पाळणाघर व आईला दिवसातून चार वेळा तेथे जाण्याची मुभा आली. २०१८ मध्ये केंद्र सरकारने पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक सूचना काढल्या. २०२२ पासून ‘पाळणा’ योजनेखाली अंगणवाडीलाच दिवसभराचे पाळणाघर जोडण्याचे काम सुरू झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४८ चा कायदा इतिहासजमा झाला. आता पन्नासांहून अधिक कामगार, मग ते स्त्री असोत वा पुरुष, असतील तेथे पाळणाघर हवे. मूल केवळ आईचे नव्हे, हे यात मान्य झाले, म्हणून आम्ही त्याचे स्वागत करतो. पण हिशेबही मांडतो. एकतीस बाया आणि दहा पुरुष असलेल्या जिनाला जुन्या कायद्याने पाळणाघर लागे. नव्याने लागत नाही. आपल्या जिल्ह्यातले कारखाने याच मापाचे आहेत. म्हणजे शेजारणीच्या घराचा भार उतरण्याऐवजी वाढण्याचाच संभव अधिक. घर मात्र अजूनही कायद्याच्या या चौकटीबाहेरच आहे.

तर मग त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर काय द्यावे? आम्ही तिला प्रथम सांगतो, की चुना लावू नको. साहेबासाठी जे एका दिवसापुरते करशील ते सगळे व्यर्थ आहे. जे रोज करतेस ते दिसेल असे ठेव. पाण्याच्या टाक्याला व हौदाला झाकण हवे, आणि ते मुलाला उचलता न येण्याजोगे हवे. चूल किंवा गॅस मुलांच्या खोलीपासून आडोशाला असावा. विजेची खालची बटणे झाकावीत. फिनेल, उंदराचे औषध, फवारणीचे डबे घरातच नसावेत. झोळी बांधायचीच तर दोर आणि कडी रोज ओढून पाहावी. आपल्याकडचा वैशाख म्हणजे अंगार. पत्र्याच्या खोलीत दुपारी तान्ही मुले ठेवता येत नाहीत, त्यांची जागा बदलली पाहिजे. विंचवासाठी अंथरुणे झटकावीत. एक साधी वही असावी: कोणते मूल किती वाजता आले, कोणी आणले, कोण नेणार, काय खाल्ले, अंग गरम होते का, आईचा व दवाखान्याचा फोन कोणता. लसीकरणाचे कार्ड पाहिलेले असावे. घरात राहणाऱ्या व येणाऱ्या-जाणाऱ्या पुरुषांविषयी प्रश्न विचारला गेला तर त्याचा राग मानू नये; तो प्रश्न विचारलाच पाहिजे. आणि मुले किती, हे खरे सांगावे.

या शेवटच्या वाक्यापाशी बाई गप्प होते. सात मुलांपैकी दोन त्या दिवशी मावशीकडे पाठवून द्यावीत, असे तिच्या मनात असते. एक्कावन्नावी बाई ठेकेदाराच्या वहीत गेली, तशीच ही दोन मुले मावशीच्या घरी जातात. मालक लपवीत होता तो नफ्यासाठी. ही बाई लपवते ती पोटासाठी, कारण दोन मुलांचे पैसे गेले तर तिचे महिन्याचे रेशन भागत नाही. तिच्याकडे मूल ठेवणारी आईही मजूरच. ती अधिक देणार कोठून? तपासनीस आला, उणे काढली आणि पाटी उतरवून गेला, तर मुले उद्या दुसऱ्या कोणाच्या तरी अंधाऱ्या खोलीत जातील, आणि त्या खोलीला पाटीही नसेल.

म्हणून इतिहास आम्हांला असे शिकवतो, की नुसती रेघ मारणारी तपासणी माणसांना रेघेच्या अलीकडे लपायला शिकवते. तपासणी हवीच, तिच्याविषयी आमच्या मनात किंतु नाही. मजुराला अन्याय झाला तर तो युनियनकडे येतो, संप करतो, कोर्टात जातो. दहा महिन्यांच्या मुलाला यांतले काहीच येत नाही. त्याच्या वतीने पाहणारा, बाहेरचा, न सांगता येणारा एक डोळा असलाच पाहिजे. पण त्या डोळ्याबरोबर हातही आला पाहिजे. टाक्याच्या झाकणाला, दुसऱ्या मदतनीस बाईच्या मजुरीला आणि दुधाला पैसे लागतात. नव्या संहितांनी निरीक्षकाला मार्गदर्शकाचेही काम सांगितले आहे. ते मार्गदर्शन मालकाच्या दिवाणखान्यात थांबू नये, शेजारणीच्या ओसरीपर्यंत यावे. नगरपालिकांनी आपल्या हद्दीतल्या अशा घरांची नोंद करावी, नोंद करणाऱ्या बाईला प्रशिक्षण आणि थोडे अनुदान द्यावे, आणि तिला कामगार समजून किमान वेतनाच्या हिशेबात धरावे. नोंद केल्याने काही मिळते असे दिसले, तर ती दोन मुले मावशीकडे जाणार नाहीत.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी धुणीभांडी करणारी बाई येते. ती आपल्याकडे असते तेव्हा तिचे मूल कोठे असते, हे आपण तिला विचारले आहे काय? उद्या सकाळी ती आली म्हणजे विचारावे. तिने सांगितलेले घर कोणते, तेथे किती मुले आहेत, पाण्याच्या टाक्याला झाकण आहे की नाही, हे जाऊन पाहावे. त्या घराची पहिली तपासणी सरकारी साहेबानेच केली पाहिजे, असे नाही.